चॅटनूगाला जायचं की नाही?

पत्र: आम्ही नऊ वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. नवऱ्याला टेनेसीतल्या चॅटनूगा शहरात एका विमा कंपनीच्या संगणक विभागात नोकरी मिळते आहे, ऑफिस डाउनटाउनला. माझी कंपनी न्यूयॉर्कची, काम घरून. दोघंही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. मुलगी सात वर्षांची, दुसरीत जाईल. तिला अधूनमधून दम्याचा त्रास होतो. माझे आईबाबा दर वर्षी मे महिन्यात पुण्याहून येतात, पाच महिने राहतात. काही जण म्हणतात, दक्षिणेत स्वस्ताई आहे, आयकर नाही, लगेच घर घेऊन टाका. काही म्हणतात, तिकडे एकटे पडाल. असं मधल्या आकाराचं शहर राहायला चांगलं की नाही, हे ठरवायचं कशावरून? आणि आई विचारते आहे, तिकडे भेंडी मिळते का.

उत्तर: ताई, आमचं मत आधीच सांगतो. जायला हरकत नाही. पण पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नका, आणि यजमानांनी होकार कळवण्याआधी तुमच्या स्वतःच्या नोकरीचे कागद सरळ करून घ्या. तुमच्या पत्रात सगळ्यात मोठी अडचण तिथेच आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही.

2020 च्या जनगणनेत चॅटनूगाची वस्ती 1,81,099 होती. हॅमिल्टन काउंटी धरली तर पावणेचार लाखांच्या आत. एडिसन त्याहून लहान आहे, पण एडिसनच्या पाठीशी अख्खं न्यूयॉर्क उभं आहे. चॅटनूगाच्या पाठीशी डोंगर आहेत आणि दोन तासांवर अटलांटा. अशा शहरात बहुतेक गोष्टी एकेकच असतात. मुलांचं मोठं रुग्णालय एक, विमानतळ एक आणि तोही छोटा, वीज कंपनी एक. ती एक चांगली निघाली तर तुम्हाला न्यू जर्सीपेक्षा सुख लागेल. ती नेमकी तुमच्या गरजेची नसेल, तर दुसरी हाताशी नसते. म्हणून शहरांच्या क्रमवाऱ्या बाजूला ठेवा, तुमच्या घराला काय काय लागतं ते कागदावर लिहा आणि त्यातली एकेक गोष्ट तपासा.

सुरुवात तुमच्या नोकरीपासून. एच-वन-बीचा अर्ज कामाच्या जागेला बांधलेला असतो. घरून काम करत असलात तर ते घर हीच कामाची जागा. एडिसन आणि न्यूयॉर्क एकाच महानगर क्षेत्रात मोडतात, म्हणून आजवर तुम्हाला काही जाणवलं नाही. चॅटनूगा वेगळं क्षेत्र आहे. तिथे मुक्काम हलवण्याआधी तुमच्या कंपनीला सुधारित अर्ज भरावा लागेल. आधी जाऊ, मग कळवू, असं करू नका, त्याने तुमचा व्हिसाच अडचणीत येतो. ग्रीन कार्डसाठी झालेली पर्म मंजुरीसुद्धा, म्हणजे कामगार खात्याचा दाखला, जागेला धरून असते. आय-140 (कंपनीने तुमच्यासाठी भरलेला अर्ज) मंजूर असेल तर रांगेतली तारीख सहसा टिकते, पण आय-485 (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) अजून भरलेला नसेल तर नव्या जागेसाठी पर्म पुन्हा करावी लागू शकते, आणि त्याला वेळही लागतो आणि कंपनीची तयारीही. यजमान नव्या कंपनीत जात असल्याने त्यांची प्रक्रिया तर बहुधा नव्यानेच सुरू होईल. कंपनीच्या वकिलाला लेखी विचारा: पत्ता बदलला तर अर्ज कोण भरणार, खर्च कोण करणार, पर्मचं काय होणार? उत्तरही लेखी घ्या.

आता आयकर. टेनेसीत पगारावर राज्याचा आयकर नाही, आणि लाभांश-व्याजावरचा जुना करही 1 जानेवारी 2021 पासून गेला. यजमानांचा पगार त्यातून सुटेल. तुमचा मात्र बहुधा सुटणार नाही. न्यूयॉर्कचा नियम असा की, कंपनी न्यूयॉर्कची असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यात बसून काम करत असाल, तर तो पगार न्यूयॉर्कमध्येच कमावला असं धरलं जातं. आज तुम्ही न्यूयॉर्कला भरता तो कर न्यू जर्सीच्या करातून वजा होतो. टेनेसीत वजा करायला करच नाही. म्हणजे न्यूयॉर्कचा कर चालूच राहील आणि तुमचं जे काही वाचेल ते थोडं. यातून सुटायचं तर कंपनीने तुम्हाला टेनेसीत ठेवणं ही कंपनीची स्वतःची गरज आहे असं दाखवावं लागतं, आणि ते सोपं नाही. घरखर्चाचा हिशेब मांडताना तुमच्या पगारापुढे हा कर धरूनच ठेवा.

टेनेसी हा पैसा विक्रीकरातून वसूल करतं. चॅटनूगात राज्याचा 7 आणि स्थानिक 2.25 मिळून 9.25 टक्के. किराण्यावर राज्याचा दर 4 टक्के, म्हणजे एकूण 6.25. न्यू जर्सीत डाळ-तांदूळ-भाजीवर कर नाही आणि कपड्यांवरही नाही, त्यामुळे पहिल्या महिन्यात पावती बघून दचकायला होतं. महिन्याला 800 डॉलरचा किराणा असेल तर 50 डॉलर कर, वर्षाला 600. पगारातल्या बचतीपुढे ही रक्कम लहान आहे, पण ती हिशेबात धरली नाही की पुढे कुठेतरी ओढाताण होते.

मालमत्ता कर समजायला सोपा आहे. घराच्या ठरवलेल्या किमतीच्या 25 टक्क्यांवर कर लागतो आणि कराचा दर त्या करपात्र मूल्याच्या प्रत्येक 100 डॉलरमागे असतो. चार लाखांच्या घराचं करपात्र मूल्य एक लाख. समजा काउंटी आणि शहर मिळून दर 4 डॉलर आहे, तर कर 4,000. न्यू जर्सीत राहिलेल्या माणसाला हे फार कमी वाटेल. मात्र घर शहराच्या हद्दीत असेल तर काउंटी आणि शहर असे दोन्ही कर लागतात, हद्दीबाहेर फक्त काउंटीचा. जाहिरातीत पत्ता 'चॅटनूगा' लिहिलेला असला तरी घर हद्दीबाहेर असू शकतं. काउंटीच्या नकाशावर पत्ता घालून बघा.

काही जण तुम्हाला जॉर्जियाच्या बाजूचं घर सुचवतील. राज्याची सीमा शहराला लागूनच आहे, फोर्ट ओगलथॉर्प किंवा रिंगगोल्डला घरं बरी मिळतात. पण तिथे राहिलात की यजमानांच्या टेनेसीतल्या पगारावर जॉर्जिया आयकर घेणार. तुमच्यासाठी हा व्यवहार जुळत नाही.

दुसऱ्या नोकरीचा विचार पहिल्या नोकरीआधी करा. मधल्या शहरातली ही खरी परीक्षा. एडिसनला नोकरी गेली तर घर न हलवता दुसरी मिळते. चॅटनूगात विमा हे मोठं क्षेत्र आहे: ब्लूक्रॉस ब्लूशील्ड ऑफ टेनेसी आणि युनम या दोघांची मुख्यालयं इथेच आहेत. टेनेसी व्हॅली अथॉरिटीचा विजेचा कारभार इथून चालतो, मालवाहतुकीच्या मोठ्या कंपन्या आहेत आणि 2011 पासून फोक्सवॅगनचा कारखाना चालू आहे. विमा, आरोग्य, वीज, मालवाहतूक, मोटारी यांपैकी दोन क्षेत्रांत यजमानांचं कौशल्य चालणार असेल तर शहर त्यांना पेलेल. एकाच कंपनीत चालणार असेल तर एच-वन-बीवर तो धोका मोठा आहे, कारण नोकरी गेल्यावर हातात जास्तीत जास्त 60 दिवस असतात. भरती करणाऱ्या लोकांना आजच फोन करून विचारा, या कामाच्या जागा गेल्या वर्षभरात चॅटनूगात किती निघाल्या.

घरून काम करणाऱ्या माणसाला या शहराने एक गोष्ट फार चांगली दिली आहे. इथली वीज कंपनी, ईपीबी, शहराच्या मालकीची आहे, 1935 पासूनची. तिने 2010 मध्ये आपल्या सगळ्या वीज ग्राहकांना एक गिगाबिटचं इंटरनेट खुलं केलं, तेव्हा अमेरिकेतल्या बड्या शहरांतही असं मिळत नव्हतं. त्याच तारांवर विजेचं जाळंही चालतं: वादळात झाड पडून तार तुटली की आपोआप चालणारे स्विच तेवढाच भाग तोडतात आणि बाकीच्या घरांना दुसऱ्या वाटेने वीज देतात. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा गरीब घरातल्या विद्यार्थ्यांना याच कंपनीमार्फत फुकट इंटरनेट दिलं गेलं. शहर चांगलं का, असं कोणी विचारलं तर आम्ही आधी हेच सांगू. पण ही सेवा कंपनीच्या वीज-हद्दीपुरतीच मिळते. हद्दीबाहेर इंटरनेट विकायला राज्याच्या कायद्याने मनाई आहे. ही मनाई मोडण्याचा केंद्रीय दूरसंचार आयोगाचा निर्णय 2016 मध्ये न्यायालयात टिकला नाही. म्हणून भाड्याचा करार करण्याआधी त्या पत्त्यावर ईपीबी आहे का, ते बघाच. तुमच्या बैठकांसाठी आणखी एक सोय म्हणजे चॅटनूगा न्यूयॉर्कच्याच वेळेवर चालतं, नॅशव्हिल मात्र एक तास मागे.

राहायचं कुठे? ऑफिस डाउनटाउनला, आईबाबा पाच महिने घरात आणि त्यांना गाडी चालवता येत नाही, असं धरलं तर पहिल्या वर्षी नॉर्थ शोरला (डाउनटाउनसमोर, नदीच्या पलीकडे) किंवा डाउनटाउनलगत भाड्याने घ्या, भाडं थोडं जास्त पडलं तरी. याचं कारण नीट सांगतो, कारण शहराचा जीव तिथेच आहे. 1969 मध्ये चॅटनूगाची हवा देशात सगळ्यात घाणेरडी ठरली होती. ओतकामाचे कारखाने, दरीत कोंडलेला धूर. त्यानंतर शहराने हवेचे नियम कडक केले. 1984 मध्ये गावातल्या लोकांना जाहीर बैठकांना बोलावून शहर कसं हवं ते विचारलं आणि त्यातून 40 उद्दिष्टं ठरवली. नदीकाठ लोकांसाठी मोकळा करायचा, हे त्यातलं मोठं काम. 1992 मध्ये मत्स्यालय उघडलं. 1890 च्या सुमाराचा वॉलनट स्ट्रीटचा लोखंडी पूल पाडायला निघाला होता, तो वाचवून 1993 मध्ये फक्त चालणाऱ्यांसाठी खुला केला. लांबी 2,376 फूट, वर लाकडी फळ्या, खाली टेनेसी नदी. नॉर्थ शोरला राहिलात आणि पूल दुरुस्तीसाठी बंद नसला तर बाबा सकाळी साडेसहाला घरातून निघून हा पूल ओलांडून परत येऊ शकतात, कोणाच्या गाडीची वाट न बघता. डाउनटाउनमध्ये 1992 पासून विजेवरची मोफत शटल बस धावते. नदीकाठची फिरायची वाट सेंट एल्मोपासून थेट चिकमॉगा धरणापर्यंत, सुमारे 16 मैल आहे. या मध्यावरून तुम्ही बाहेर पडलात की हे सगळं संपतं. साधी बस आहे, पण फेऱ्या इतक्या विरळ की तिच्या भरवशावर रोजचं काम होत नाही.

बाकीच्या भागांचं थोडक्यात. ईस्ट ब्रेनर्ड आणि ऊल्टेवाकडे नवी घरं आणि मोठी अंगणं, पण डाउनटाउनला जाताना आय-75 आणि आय-24 जिथे मिळतात तिथे ट्रकच्या रांगा लागतात, कारण अटलांटा, नॅशव्हिल आणि नॉक्सव्हिलची मालवाहतूक या एकाच दरीतून जाते. हिक्सन स्वस्त आणि नदीपलीकडे, त्यामुळे रोज पूल ओलांडावा लागतो. सिग्नल माउंटनच्या शाळांचं नाव आहे, थंडही आहे, पण डोंगरावर चढायचे रस्ते मोजके. त्यातला एक इतका वळणांचा की त्याचं नावच डब्ल्यू रोड. जानेवारीत त्यावर बर्फाचा पातळ थर जमला की सगळं बंद. सेंट एल्मोत लुकआउट माउंटनच्या पायथ्याची जुनी देखणी घरं आहेत. ती बघताना मालगाडीचा आवाज रात्री किती येतो, ते रात्री जाऊनच ऐका.

एक वर्ष भाड्याने राहिलात की एप्रिलमधला परागकणांचा पिवळा थर, ऑगस्टमधला दमटपणा आणि जानेवारीतला बर्फ हे तिन्ही अनुभवून होतात, आणि मुलीच्या दम्याला इथली हवा मानवते का तेही कळतं. एप्रिलमध्ये ओक आणि पाइनची पूड गाडीच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी साठते. तिच्या डॉक्टरांशी बोलून औषधाची तयारी मार्चच्या सुरुवातीपासून ठेवा. घरात गालिचा नसलेलं अपार्टमेंट बघा, वातानुकूलन यंत्राला मर्व 11 ते 13 दर्जाची (मर्व म्हणजे गाळणी किती बारीक कण अडवते त्याचं माप) गाळणी बसेल का ते विचारा, आणि दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक घेऊन हवेतला ओलावा 50 टक्क्यांच्या आत ठेवा.

वर्षानंतर घर घ्याल तेव्हा सगळ्यात आधी घराखाली बघा. न्यू जर्सीत तुम्हाला तळघरांची सवय आहे. इथल्या बऱ्याच घरांखाली दोन-चार फूट उंचीची पोकळी असते, तिला क्रॉल स्पेस म्हणतात. खाली उघडी माती, वर घराच्या तुळया. उन्हाळ्यात बाहेरची दमट हवा आत शिरते, थंड लाकडावर ओल धरते, बुरशी येते आणि तीच हवा फटींतून वरच्या खोल्यांत येते. दम्याच्या मुलीसाठी हे घातक. तपासनीस क्रॉल स्पेसच्या दारात उभा राहून विजेरी मारून गेला तर ती तपासणी झालीच नाही. त्याने चारही कोपऱ्यांपर्यंत सरपटत जावं, फोटो द्यावेत आणि तुळयांतली ओल मोजावी. 16 टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, 20 च्या वर गेली तर लाकूड कुजायला लागतं. मातीवर निदान 6 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचा प्लास्टिकचा कागद सगळीकडे पसरलेला हवा. तुळयांमधला उष्णता अडवणारा कापसासारखा थर लोंबकळत असेल तर समजा की ओल जुनी आहे. भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. वाळवीचा करार विक्रेत्याकडे आहे का विचारा, तो तुमच्या नावावर होतो का बघा, आणि त्यात नुकसान दुरुस्त करून मिळतं की फक्त औषध पुन्हा मारतात, हे वाचा. बहुतेक लोक ही ओळ वाचत नाहीत आणि नेमके तिथेच अडकतात.

हा चुनखडीचा टापू आहे. म्हणून जमिनीतून येणाऱ्या, फुप्फुसांना घातक अशा रेडॉन वायूची चाचणी करा: दारं-खिडक्या बंद ठेवून 48 तास. आकडा दर लिटरला 4 पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त आला तर जमिनीखालची हवा बाहेर काढणारा पंखा बसवतात, तो खर्च किमतीतून मागून घ्या. शहरापासून लांबच्या घरांत सांडपाणी सेप्टिक टाकीत जातं. टाकी तीन ते पाच वर्षांनी उपसावी लागते, आणि परवान्यात किती शयनगृहं लिहिली आहेत ते बघा. जाहिरात चार म्हणते आणि परवाना तीनचा, असं निघू शकतं, आणि मग आईबाबा असताना टाकीवर ताण येतो. पूरनकाशात घर 'एई' या जास्त पूरधोक्याच्या पट्ट्यात येतं का पाहा. साउथ चिकमॉगा क्रीकसारखे ओढे मोठ्या पावसात पात्र सोडतात, आणि साध्या गृहविम्यात पुराची भरपाई नसते.

हीट पंपावर घर गरम करण्याची पद्धत इथे सर्रास आहे. थंडीत थर्मोस्टॅट एकदम पाच-सहा अंशांनी वाढवलं की पंपाला पेलत नाही, आतली विजेची शेगडी पेटते आणि बिल चढतं. एका वेळी एक-दोन अंशच वाढवा. घर घेताना मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं मागा.

टोर्नेडोबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगायला हवं. 12 एप्रिल 2020 ला, ईस्टरच्या रात्री, ईस्ट ब्रेनर्ड भागातून ईएफ-3 तीव्रतेचा टोर्नेडो गेला. टेनेसीत अनेक टोर्नेडो रात्री येतात, लोक झोपेत असताना, आणि फोन शांत ठेवलेला असतो. बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ आईबाबांच्या खोलीत ठेवा. सगळ्यात खालच्या मजल्यावरची, खिडकी नसलेली, मधली खोली कोणती ते पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना दाखवून ठेवा आणि तिथे बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणि चपला असू द्या.

शाळेचं वेळापत्रक न्यू जर्सीपेक्षा महिनाभर पुढे आहे. इथे शाळा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होते आणि मेअखेर संपते. म्हणून जुलैच्या शेवटापर्यंत पोचा. जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी, शुक्रवारपासूनच, 100 डॉलरपर्यंतचे कपडे आणि शालेय वस्तू यांवर विक्रीकर माफ असतो, दप्तर-बूट तेव्हाच घ्या. शाळा पत्त्यावरून ठरते, त्यामुळे भाडेकरार आधी, प्रवेश मग. आणखी एक नियम मुलगी तिसरीत जाईल तेव्हा लागू होईल: तिसरीच्या राज्य परीक्षेत इंग्रजी वाचनात ठरलेली पातळी गाठली नाही तर उन्हाळी वर्ग किंवा शिकवणी लावावी लागते, नाहीतर वर्ग पुन्हा करावा लागू शकतो. तुमची मुलगी वाचनात चांगली असेल तर काळजी नाही, पण हे दुसरीच्या मध्यावर माहीत असलेलं बरं. कलेची आवड असेल तर शहरात चिठ्ठीने किंवा चाचणीने प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळा आहेत. अर्ज आधल्या हिवाळ्यातच मागवतात, म्हणून पहिल्या वर्षी ती संधी बहुधा हुकेल.

रुग्णालयं तीन व्यवस्थांची: अर्लांगर, सीएचआय मेमोरियल आणि पार्करिज. मुलांचं रुग्णालय अर्लांगरचं, आणि गंभीर अपघातांचं सर्वोच्च दर्जाचं केंद्रही तेच. यजमानांच्या नव्या कंपनीच्या आरोग्य विम्यात चालणाऱ्या रुग्णालयांची आणि डॉक्टरांची यादी सही करण्याआधी मागवा आणि तीत अर्लांगर आणि मुलांचे फुप्फुसतज्ज्ञ आहेत का बघा. स्वस्त योजनांच्या यादीतून एखादी व्यवस्था वगळलेली असते. दुर्मीळ आजाराला नॅशव्हिल किंवा अटलांटाला जावं लागतं, दोन-अडीच तास. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर हेही ठाऊक असू द्या: 2022 पासून टेनेसीत गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे. गरोदरपणात गुंतागुंत झाली तर डॉक्टर काय करू शकतात, हे प्रसूतितज्ज्ञांशी आधीच मोकळेपणाने बोलून घ्या.

आईबाबांच्या प्रवासाची आबाळ होईल, हे कबूल. नेवार्कहून भारतात जायला थेट विमान मिळतं ही सवय मोडेल. चॅटनूगाचा विमानतळ छोटा आणि छान, पण तिथून अमेरिकेतल्या मोजक्याच शहरांना विमानं जातात. आंतरराष्ट्रीय विमान अटलांटाहून धरणं सोयीचं, आणि तो विमानतळ शहराच्या दक्षिणेला, म्हणजे अख्खं अटलांटा ओलांडून. मोकळा रस्ता असेल तर दोन तास, पण निघताना साडेतीन धरा. चॅटनूगाहून तिथे शटल गाड्याही जातात. परतताना म्हाताऱ्या माणसांचं रात्रीचं विमान असेल तर एक रात्र अटलांटात काढा.

त्याच अटलांटाच्या फेरीत डेकेटरच्या भारतीय दुकानांतून महिन्याचं सामान भरता येतं. चॅटनूगात भारतीय किराणा मिळतो, पण ताजी मेथी, अळू, गवार, भाजणी अशा गोष्टी अटलांटाच्या वारीवर ठेवलेल्या बऱ्या. अटलांटात महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती-दिवाळीला दोन तास जाणं जड नाही. रोजच्या मराठी बोलण्याची भूक मात्र त्याने भागणार नाही. एडिसनला दारातून बाहेर पडलं की मराठी कानावर येतं. इथे दोन-चार घरं आपणच जोडावी लागतात. पहिल्या दोन महिन्यांत एखाद्या शनिवारी पोह्यांना बोलवायला सुरुवात करा, वाट बघत बसू नका.

शेजारी बोलके असतात. अनोळखी माणूस थांबून हवापाणी विचारतो, आणि तिसऱ्या वाक्याला 'तुम्ही कोणत्या चर्चला जाता?' असंही विचारतो. तो बहुतेक वेळा नवी ओळख करून घेण्याचा इथला सरळ मार्ग असतो. 'आम्ही हिंदू, आमच्याकडे घरीच पूजा असते' एवढं हसून सांगितलं की गप्पा पुढे सरकतात. ओळखी व्हायला ग्रंथालयातले मुलांचे कार्यक्रम, शाळेचं पालक मंडळ आणि डोंगरातल्या पायवाटांची साफसफाई करणारे गट चांगले. आईंना हॉटेलात नेलंत तर शाकाहाराबद्दल नेमकं विचारा. 'व्हेजिटेबल प्लेट' मागवली तरी फरसबी डुकराच्या मांसाच्या तुकड्यासोबत शिजवलेली असते, पालेभाजीत हाड असतं, मक्याच्या ब्रेडच्या तव्याला चरबी लावलेली असते. 'मांस आहे का' असं विचारलं तर वाढणारा नाही म्हणेल, कारण त्याच्या लेखी ती भाजीच. 'शिजवताना बेकन किंवा हॅम घातलंय का, चरबी कोणती वापरली' असं विचारा. रस्त्याकडेच्या टपरीवर मात्र आईंना ओळखीची गोष्ट मिळेल: मिठाच्या पाण्यात सालासकट उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, गरम, कागदी पिशवीत. दक्षिणेत त्या आपल्याइतक्याच आवडीने खातात.

आणि भेंडी! ताई, आईंना सांगा, भेंडी इथली घरची भाजी आहे. उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या बाजारात टोपल्या भरून येते, रविवारच्या चॅटनूगा मार्केटमध्येही. विकत घेताना बोटभर लांबीची, टोक मोडून बघून घ्या, कारण इथले लोक सूपसाठी मोठी आणि जून भेंडीही घेतात. घरी लावायची तर आईंचा मे ते ऑक्टोबरचा मुक्काम अगदी जमून येतो. थंडीचा शेवटचा दंव एप्रिलच्या मध्यापर्यंत पडू शकतो, आणि भेंडीला माती कोमट लागते, म्हणून मेचा पहिला पंधरवडा गाठा. अपार्टमेंटच्या गॅलरीत सहा तास ऊन येत असेल तर पाच गॅलनच्या बादलीला बुडाशी पाच-सहा भोकं पाडा, कुंडीची माती आणि कंपोस्ट भरा, रात्रभर भिजवलेल्या तीन बिया अर्धा-पाऊण इंच खोल पेरा, आणि रोपं वितभर झाली की सगळ्यात जोमदार एक ठेवा. चार माणसांच्या भाजीला अशा सहा-सात बादल्या लागतील. पुढे अंगण मिळालं तर इथली तांबडी माती चिकट आणि आम्लधर्मी असते. टेनेसी विद्यापीठाच्या काउंटी विस्तार कार्यालयातून मातीची तपासणी करून घ्या आणि ते सांगतील तेवढाच चुना घाला. पुण्याहून बी किंवा कढीपत्त्याचं रोप मात्र आणू देऊ नका, विमानतळावर जप्त होतं आणि दंडही होऊ शकतो. 'क्लेमसन स्पाइनलेस' नावाचं बी एप्रिलमध्ये कुठल्याही बागकामाच्या दुकानात मिळतं, त्याच्या शेंगांना काटे नसतात. पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांनी भेंडी लागते, आणि मग दिवसाआड तोडावी लागते. एक दिवस चुकला की ती जून होते.